माउंट हर्मनचा महिना

उन्हाळ्याची सुटी लागली, की गावोगावी शिबिरांचे फलक झळकतात. मुलांना तिथे पाठवून नेमकं काय साधतं, असा प्रश्न पालकांना पडतो. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला अशा वेळी एका जुन्या ख्रिस्ती शिबिराचा दाखला द्यावासा वाटतो. ते भरलं अमेरिकेत. पण त्याचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो.

सुटीत मुलांना निसर्गात नेऊन एकत्र ठेवायचं, ही कल्पना तिकडे १८८०च्या सुमारास रुजू लागली. १८८५मध्ये समनर डडली या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज तलावाकाठी अवघ्या सात मुलांना घेऊन मुक्काम केला. पुढच्याच वर्षी, जुलै १८८६मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं जवळजवळ महिनाभराचं शिबिर भरलं. यजमान होते गाजलेले धर्मोपदेशक ड्वाइट मूडी. सुमारे अडीचशे तरुण आले.

सकाळी बायबलचा अभ्यास, संध्याकाळी व्याख्यानं, दुपार मात्र मोकळी. खेळावं, हिंडावं, गप्पा माराव्यात. परदेशी जाऊन सेवाकार्य करण्याचा विषय मुळात कार्यक्रमात नव्हता. तो आणला रॉबर्ट वाइल्डर या विद्यार्थ्याने. रॉबर्टचा जन्म १८६३ सालचा, कोल्हापूरचा! त्याचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२मध्ये तिथे मिशनचं काम सुरू केलं होतं. पुढे हे कुटुंब प्रिन्स्टनला स्थायिक झालं. रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस या कार्यासाठी तरुण पुढे यावेत म्हणून घरी एकत्र प्रार्थना करीत. शिबिर मुलग्यांचंच असल्याने ग्रेसला मात्र तिथे जागा नव्हती.

रॉबर्टने समविचारी मुलं जमवली, एकेकाला गाठून बोलणं सुरू केलं. एका संध्याकाळी वेगवेगळ्या देशांशी नातं असलेले दहा तरुण उभे राहिले आणि त्या-त्या देशाबद्दल जेमतेम तीन-तीन मिनिटं बोलले. व्याख्यात्यांचा वाटा होताच, पण बरोबरीच्या मुलांचे हे साधे शब्द अधिक खोल गेले. सुरुवातीला वीस-एकवीस जणांचाच या कार्याकडे ओढा होता. शिबिर संपताना ती संख्या शंभर झाली.

त्यातूनच १८८८मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. पुढच्या काही दशकांत तिच्यामार्फत वीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुष परदेशी गेले. त्या शंभरांतला एक होता कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट. त्याने आयुष्यभर देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना जोडण्याचं काम केलं आणि १९४६मध्ये त्याला शांततेचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

या कथेला दुसरी बाजू आहे. एका पिढीत अवघ्या जगाला ख्रिस्ताचा संदेश द्यायचा, ही त्यांची घोषणा. साम्राज्यांच्या त्या काळात, ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या श्रद्धांबद्दल पुरेसा आदर तिच्यात होता का, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. पहिल्या महायुद्धानंतर तिकडचे विद्यार्थीही असे प्रश्न विचारू लागले आणि चळवळीचा जोर ओसरला.

तरीही शिबिराचं मोल मला स्पष्ट दिसतं. घरापासून दूर, परीक्षेचं ओझं नाही, आणि ‘मी आयुष्याचं काय करणार’ हे समवयस्कांना मोकळेपणाने विचारण्याइतका निवांतपणा आहे, असे दिवस तरुणपणी फार थोडे मिळतात. वर्षभराच्या उपदेशाने जे होत नाही, ते अशा महिन्यात घडू शकतं. म्हणूनच जबाबदारीही मोठी. भारावलेल्या मनाला दिशा देणं सोपं असतं. शंका विचारण्याची मुभा देणं कठीण. तेव्हा शिबिर कोणत्याही धर्माचं वा विचाराचं असो, पालकांनी वेळापत्रक जरूर पाहावं. त्यात दुपार मोकळी आहे का आणि मुलाला ‘नाही’ म्हणता येतं का, एवढं आधी विचारावं.