देवगिरीची दोन टोकं आणि मधलं परभणी: स्पीच थेरपीची साठ वर्षं

आजचा प्रश्न तसा करिअरचा आहे. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडची एखादी मुलगी मुंबईत नाहीतर म्हैसूरला राहून स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत एम.एस्सी. करते. डिग्री हातात पडते. मग पुढं काय? पुण्यात एखादं क्लिनिक धरायचं, परदेशाचा फॉर्म भरायचा, का परभणीला परत यायचं? याचं उत्तर करिअरच्या रील्समध्ये शोधू नका. ही वाट अशी का झाली हे कळायला इतिहासातच जावं लागतं.

आधी हे काम काय ते थोडक्यात. आपण सरसकट 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतो. तीन वर्षांचं लेकरू बोलत नाही, शाळेतला पोरगा अडखळतो, आजोबांना लकवा मारला आणि शब्द गेले, म्हणजे वाचाघात झाला, घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं, किंवा पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत जातंय. हे सगळं या एका माणसाच्या टेबलावर येतं. हो, गिळण्याचा त्रासही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

भारतात याचं शिक्षण सुरू झालं ते मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. बहिऱ्या मुलांची शाळा मुंबईत १८८५ सालापासून होती, पण तिथं काम करायचे ते शिक्षक. डिग्री घेतलेला वाचातज्ज्ञ ही कल्पना आपल्याकडं आली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या नायर हॉस्पिटलात. पाठोपाठ १९६५ मध्ये केंद्र सरकारनं म्हैसूरला संस्था काढली. तिचं पहिलं नाव होतं 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स'. हे नाव लोकांच्या तोंडी बसणं अवघडच होतं. नंतर ते बदलून 'स्पीच अँड हिअरिंग' झालं. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२५ सालीच उभी राहिली होती, म्हणजे आपण तिथं चाळीसेक वर्षं उशिरा पोचलो.

आता हा धंदा कान-नाक-घशाच्या विभागाशेजारी का वाढला? कारण बोलणं तपासायच्या आधी ऐकणं तपासावं लागतं. त्याला ऑडिओमीटर पाहिजे, आवाज न शिरणारी खोली पाहिजे. त्या काळात असली खोली जिल्ह्याच्या गावात कोण बांधणार? त्यामुळं शिकायची जागा शहरात, शिकवणारे शहरात आणि शिकलेलेही शहरातच राहिले. माझ्या मते पुढचा सगळा गुंता या पहिल्या पायरीवरच पडला.

मग येतं १९८३. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला राष्ट्रीय संस्था सुरू झाली, अली यावर जंग यांच्या नावाची. आपल्याकडची पोरं तिथं ॲडमिशन घेतात, नाव पाठ करतात, पण हे अली यावर जंग कोण, हे फार कमी जणांना माहीत असतं. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि १९७६ मध्ये पदावर असतानाच वारले, एवढं सरकारी फलकावर सापडतं. पण माणूस मूळचा हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, निजामाच्या सरकारातले मंत्री, पुढं भारताचे अमेरिकेतले राजदूत. आणि ज्या काळात ते हैदराबादेत घडले, त्या काळात परभणी त्याच हैदराबाद संस्थानात होतं! म्हणजे परभणीची मुलगी मुंबईला जाऊन ज्यांच्या नावाच्या संस्थेत शिकते, ते एका अर्थानं आपल्याच जुन्या राज्याचे.

अजून एक गंमत. या संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. मुंबईहून सुटून परभणीवरून सिकंदराबादकडं जाणारी गाडी कोणती? देवगिरी एक्स्प्रेस. म्हणजे त्याच गाडीच्या वाटेवर एकीकडं मुख्य संस्था, दुसरीकडं तिचं केंद्र. आणि परभणीच्या फलाटावर गाडीची वाट बघणारे आईबाप, मांडीवर लेकरू, पिशवीत फाइल.

कायद्याचं लवकर उरकतो. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. तेव्हापासून परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय ही प्रॅक्टिस करता येत नाही. केली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आज तेवढ्यात बऱ्याच ठिकाणी थेरपीची दोन सेशन्स होतात. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यात श्रवणदोष होता, पण वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं धरलेलंच नव्हतं. ते आलं २०१६ च्या कायद्यात, जेव्हा सातचे एकवीस प्रकार झाले. म्हणजे म्हैसूरची संस्था निघाल्यावर पन्नासेक वर्षांनी.

जिल्ह्याचं दार उघडलं ते २०१३ मध्ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती महाराष्ट्रातच, पालघरला. अंगणवाडीतली आणि शाळेतली मुलं फिरत्या पथकानं तपासायची आणि ज्यांच्यात काही आढळेल त्यांना जिल्ह्याच्या 'अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर'ला पाठवायचं. त्या सेंटरच्या ठरवून दिलेल्या टीममध्ये ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट असं एक पद आहे. एकच. परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८ लाखांच्या वर, तालुके नऊ. आणि हा कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातला, म्हणजे पद कंत्राटी.

इथं एक विसंगती बघा. शहरात या विषयाच्या दोन वेगळ्या एम.एस्सी. झाल्या, एक ऐकण्याची आणि एक बोलण्याची. जिल्ह्यात मात्र पद एकत्र. दोन वर्षं वाचाघातावर खोल अभ्यास केलेली मुलगी सकाळी नवजात बाळांचे कान तपासणार आणि दुपारी टाळू दुभंगलेल्या मुलाला 'प' म्हणायला शिकवणार.

अमेरिकेत मास्टर्सनंतर लगेच एकटं सोडत नाहीत. किमान ३६ आठवडे, १२६० तास, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. आपल्याकडं इंटर्नशिप होते ती बी.ए.एस.एल.पी. या पदवीच्या शेवटच्या वर्षात, तीही संस्थेच्या छायेत. पुढं मास्टर्स करून जिल्ह्यात आलं की विचारायला शेजारी कुणी नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात फ्रेशरचा कोड सीनियरनं बघितल्याशिवाय प्रॉडक्शनला जात नाही. इथं फ्रेशरच्या हातात लेकराची वर्षं असतात.

वर्षं म्हणतो ते उगाच नाही. २०१४ पासून केंद्राच्या 'ॲडिप' योजनेत लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळायला लागलं. मदतीची मर्यादा सुरुवातीला सहा लाख रुपये होती, मूल साधारण पाच वर्षांच्या आतलं, आणि नोडल संस्था हीच आपली वांद्र्याची. ऑपरेशन काही तासांचं. पण मशीन बसवलं म्हणून लेकरू बोलत नाही. त्याला आवाज कळायला, मग शब्द कळायला आणि मग बोलायला नियमित थेरपी लागते, तीही महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. ऑपरेशनसाठी एकदा देवगिरी पकडता येते. थेरपीसाठी दर आठवड्याला पालमहून मुंबईला कोण जाणार? मजुरीवर जाणारा बाप तर नाहीच. म्हणून ते एक पद रिकामं राहिलं, तर लाखांचं मशीन कानावर असूनही लेकरू गप्पच राहू शकतं.

आणि परत येणाऱ्या मुलीकडं एक गोष्ट असते, जी बाहेरून आलेल्याकडं नसते. आपल्याकडचं लेकरू 'मी जायलोय', 'काय करायलास' म्हणतं. पुस्तकी मराठीच्या चाचणीत बसवलं तर कुणी त्याला व्याकरणाची चूक म्हणून खूण करेल. ती चूक नाही, मराठवाडी आहे. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा, हे लिपीत दिसत नाही, कानालाच कळतं. परभणीच्या कितीतरी घरांत दखनी बोलतात. तिथलं मूल 'नक्को' म्हणालं तर त्यात दोष शोधायचा नसतो. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि अंगणवाडीत मराठी ऐकतं, म्हणून सुरुवातीला गप्प बसतं. हे गप्प बसणं कोणतं, दोन भाषांमधलं की खरंच आजाराचं, हे ओळखायला आधी त्या मुलाच्या आईशी तिच्या बोलीत बोलता आलं पाहिजे.

ज्या कुणी यायचं ठरवतायत त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. परिषदेचं रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय एकही पेशंट घेऊ नका, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. दुसरं, कॉलेज सोडण्याआधी एखाद्या शिक्षकाकडून किंवा सीनियरकडून कबूल करून घ्या, की पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तुमच्या अवघड केसेस ते ऐकतील. पेशंटचं नाव न सांगता आणि घरच्यांची परवानगी घेऊन. अमेरिकेत जे नियमानं मिळतं ते सध्या आपल्याला ओळखीनंच मिळवावं लागतंय.

आणि पालक ऐकत असाल तर, मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल तर 'बोलंल उशिरा, त्याचा बापबी उशिराच बोलला होता' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीताईंना विचारा, पथक कधी येणार ते त्यांना माहीत असतं.

चला, भेटू पुढच्या भागात.