खिळा मारण्याआधी भिंत बघा

श्रावण सरत आलाय. साल १९४८. तुम्ही नायगावात एका दगडी घराच्या ढाळजेत बसला आहात. तालुका बिलोली, जिल्हा नांदेड, अंमल निजामाचा. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं, पण इथं अजून हाली रुपयाच चालतो आणि दिवस मावळला की निजामाच्या बाजूच्या रझाकारांवाचून दुसरा विषय निघत नाही. अर्जापूरजवळ स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसऱ्यांना मारलं, त्याला दोन वर्षं होत आली. याच जानेवारीत, दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच ३० तारखेला, शेजारच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. तेव्हापासून दहशत आणखी वाढली आहे.

"आत सरका, पाव्हणं," घरधनी म्हणतात आणि कवाड लागतं. सागाच्या जाड फळ्या. भिंतीतल्या भोकातून अडसर ओढला जातो. तो ओढायला दोन माणसं लागतात. मग ज्वारीची पोती कवाडाला टेकवून थप्पी लावली जाते, वर घरातलं जातंही आणून ठेवतात. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. गेल्या महिन्यात रात्री कुणीतरी तिची झडप लाथेनं फोडली. दुसऱ्याच दिवशी ती दगड-मातीनं बुजवली. गडी अजून वरून चिखल लिंपतो आहे. आता उजेडाला माळवदातलं साणं तेवढं उरलं. पावसामुळं त्यावरही घमेलं पालथं घातलंय, म्हणून चुलीचा धूर आत कोंडला आहे आणि तुमचे डोळे चुरचुरतात.

भिंतीवर हात ठेवून बघा. तीन फूट तरी जाडी असेल, आणि तिच्या पोटातच धान्याचं बळद आहे. इथं तुम्हाला निर्धास्त वाटतं. वाटू द्या. भीती माणसांची आहे आणि माणसांना अडवायला हे घर चोख बांधलंय. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना खिडक्या का कमी, असं शहरातले लोक विचारतात तेव्हा उन्हाळ्याचं कारण पुढं येतं. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं कारण तुम्ही आत्ता ऐकताय: बाहेर कुत्री भुंकायला लागली की घरातली सगळी माणसं बोलायची थांबतात.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरतील, १७ ला निजाम शरण येईल. अडसर हळूहळू निवांत होईल. बुजवलेली खिडकी मात्र कुणी पुन्हा उघडणार नाही. उघडायची कशाला? चोर आहेतच की.

आता पुढं या. ऑक्टोबर १९९२, किल्लारी, तालुका औसा. नायगावहून मुखेड-उदगीरमार्गे लातूर गाठून तुम्ही खाली दक्षिणेला उतरला आहात. घरं तीच: दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळती लागू नये म्हणून वर थोडी माती पडते. जुनी काढायचं कुणाच्या मनात येत नाही. पिढ्या गेल्या, तशी डोक्यावरची माती वाढत गेली.

गेले काही आठवडे जमिनीतून गुरगुर ऐकू येते आहे. १८ तारखेचा हादरा जरा मोठा होता. घरांना चिरा गेल्या, माणसं बाज उचलून अंगणात, रानात झोपायला लागली. पुढं काय होणार ते या गावात फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि सांगून उपयोग नाही, कारण पाव्हण्याच्या सांगण्यावरून कोण घर सोडतो?

तरी एका ओसरीपाशी थांबा. एक आप्पा उकिडवे बसून कवाडाच्या कडेला रंधा मारताहेत.

"लागंना झालंय," ते सांगतात. "पावसानं फुगलं असंल."

पाऊस थांबून दिवस झालेत. ऊन कडक आहे, सूर्यफूल वाळतंय. फुगलेलं लाकूड अशा हवेत आकसायला हवं होतं. हे कवाड वरच्या एका कोपऱ्यात घासतंय आणि खाली बोटभर फट पडली आहे. म्हणजे कवाड होतं तसंच आहे; चौकट कलली आहे. चौकट भिंतीत घट्ट बसवलेली असते, ती आपल्या मनानं कलत नाही. तुम्ही बोट दाखवता. आप्पा बघतात, मान हलवतात आणि पुन्हा रंधा चालवतात. रात्री कवाड लागायलाच हवं. आत धान्य आहे, सुनेचे दागिने आहेत. संध्याकाळपर्यंत कवाड अलगद लागतं. चीर शेणामातीनं सारवून टाकली जाते आणि भिंत नवी दिसायला लागते.

मला या सारवण्याचा राग येतो. पण आप्पांचा येत नाही. त्यांना कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं, आणि थंडी पडल्यावर लेकरं घेऊन बाहेर किती रात्री काढायच्या? पुढच्या पावसाळ्यापर्यंत बहुतेक सगळे पुन्हा आत झोपायला लागले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव दमून झोपलंय. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. त्या क्षणात मी तुम्हाला उभं करणार नाही.

उजाडल्यावर एवढं दिसतं: किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी इथं बंद करायला दारंखिडक्या उरलेल्याच नाहीत. ६.२ ते ६.४ तीव्रतेचा भूकंप; आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. बाहेरून एकसंध दिसणारी ती जाड भिंत खरं तर दगडांच्या दोन भिंती होत्या, मधे खडी-मातीची भर. दोन्हींना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच कुठं. हादऱ्यानं दोन्ही बाजू सुटल्या, आणि वरची माती खाली आली. जिथं माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं काही ठिकाणी भिंती ढासळूनही खणांचा सांगाडा उभा राहिलेला दिसतो. चोर, दरोडेखोर, रझाकार यांच्यासाठी बांधलेली जाडी आतल्या माणसांवरच उलटली.

तुम्हाला काम आहे ते इथून थोडं लांब, निलंग्याच्या बाजूला. या गावातली घरं पडली नाहीत, पण शाबूतही नाहीत. खिडक्यांच्या झडपा निखळल्या, चौकटी तिरक्या झाल्या, एका घराचा कोपरा सुटून आतली देवळी रस्त्यावरून दिसते. पितृपक्ष लागला आहे. पाऊसही आलाय. रस्त्यावर मदतीच्या ट्रकांसोबत बघ्यांची रीघ आहे, आणि उघड्या घरात ज्वारीनं भरलेलं बळद आहे. रात्र व्हायच्या आत ती भोकं बंद करायची आहेत.

तुमच्या हातात हातोडी आहे. चौकटीशेजारी भिंतीत पहिला खिळा धरता, तेवढ्यात मागून आवाज येतो.

"आरं बाबा, थांब! भितीला ठोकू नगंस."

म्हातारा सुतार आहे. त्याच्या हातात बाइंडिंग तारेचं भेंडोळं. तो आधी घराभोवती एक फेरी मारतो आणि तुम्हालाही मारायला लावतो. जिथं भिंतीला पोट आलंय तिथून दहा पावलं लांबून. वर तुळईचं टोक भिंतीतून किती सरकलंय ते बघतो. एका खोलीकडे नुसता हात हलवतो: ही सोडायची, आतल्या वस्तूंचा मोह नको. दुसऱ्या खोलीच्या तुळईला दारातूनच बाभळीचा टेकू लावला जातो, खाली फळी, वर पाचर. पाचर ठोकायची नसते, दाबत बसवायची असते; ठोकलं की माती सुटते.

मग कवाडं उतरवतात. फुटक्या घरात चांगलं कवाड ठेवून उपयोग नाही, कारण पुढचा हादरा बसला की ते अडकणार आणि आतला माणूस आतच राहणार. जुनी कवाडं खालच्या-वरच्या लाकडी खुंट्यांवर फिरतात. पहारीनं थोडं उचललं की बाहेर येतात. आज रात्री ती अंगणातल्या पालाला आडोसा होतील.

आता खिडकी. सुतार दोन बांबू भोकापेक्षा हातभर लांब तोडतो. एक आतून आडवा, एक बाहेरून आडवा. बाहेरच्या बांबूखाली पत्रा, आणि भोकातून तार घालून दोन्ही बांबू एकमेकांकडे ओढायचे, पक्कडीनं पीळ द्यायचा. भिंत मधे नुसती चिमटीत धरली जाते. तिला कुठं खिळा नाही, धक्का नाही. पत्र्याच्या नाळ्या उभ्याच ठेवायच्या, नाहीतर पाणी त्यांत साचून आत येतं. खालची कड भोकाच्या खाली, भिंतीबाहेर लोंबती हवी. पत्र्याला फळीवर खिळा मारायची वेळ आलीच तर नाळीच्या उंचवट्यावर, आणि खाली चपलेच्या रबराचा वायसर कापून. हे सगळं तो सांगत नाही, करतो. तुम्ही चुकलात की फक्त "हं" म्हणतो.

पत्रे संपतात. पुढच्या घराला गेल्या वर्षीच्या तुराट्या, पोती आणि शेणकाला. त्या कुडाला चोर अडणार नाही, पण पाऊस आणि डुकरं अडतील. म्हातारा त्यावर खूश आहे. "पडला तरी लागत न्हाई कुणाला," तो म्हणतो. उघड्या दाराच्या जागीही असाच कूड, दोरीनं बांधलेला, एका हाताच्या धक्क्यानं पडेल असा. बंद करायचं, पण कोंडायचं नाही.

तिसरं घर चालू असताना जमीन हलते. फार नाही. माती भुरभुरते, पत्रा खडखडतो, बायका एकमेकींच्या लेकरांना हाका मारतात. तारेचा पीळ थोडा ढिला झालाय. भिंत जिथल्या तिथं आहे. खिळे असते तर? म्हाताऱ्याकडे बघू नका, तो तार आवळायला लागलासुद्धा.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. पत्र्याच्या शेडांच्या रांगा, उन्हाळ्यात आत बसवत नाही. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन: ५२ गावं नव्या जागी वसली, आणि घरं न पडता नुसती खिळखिळी झालेल्या शेकडो गावांत दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरा, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार द्या, दरवाजा-खिडक्यांच्या वरून घराला पट्टा बांधा, कोपऱ्याला खेटलेली खिडकी सिमेंटनं पक्की भरा. पुष्कळांनी त्या पैशात जुनी भिंत तशीच ठेवून शेजारी एक नवी खोली बांधली. अभियंत्यांना ते रुचलं नाही. मला त्या लोकांचं म्हणणं समजतं: ज्या भिंतीनं शेजाऱ्याला मारलं तिच्यात सिमेंट भरून पुन्हा तिच्याखाली कोण झोपेल?

आणि नायगावची ती १९४८ ची खिडकी? त्या कार्यक्रमातल्या एखाद्या अभियंत्याला तिच्यापुढं उभं करा. नुसत्या दगड-मातीनं बुजवलेला, कडेच्या भिंतीशी कुठंही न सांधलेला तो चौकोन बघून तो आधी तिथंच खडूनं खूण करील. हादऱ्यात पहिल्यांदा सुटेल तो हाच तुकडा.

आता आजच्या नायगावात या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा पत्र्यांना भोकं पडली आणि काचा फुटल्या. त्यानंतरही नव्या स्लॅबच्या घरांना मोठमोठ्या काचेच्या सरकत्या खिडक्या लागतच आहेत, त्याला माझा आक्षेप नाही. उजेडाला हे गाव फार दिवस मुकलं होतं. पण जूनच्या आधी माळ्यावर चार बांबू, तारेचं एक भेंडोळं, पक्कड आणि एक चांगली ताडपत्री ठेवा. काच फुटली तर झाकायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला झाकलेली खिडकी धड दिसते. एक दार उघडतं राहील हे बघूनच बाकीची भोकं बंद करा. आणि उन्हाच्या दिवसांत कवाड एकाएकी घासायला लागलं, तर रंध्याला हात लावण्याआधी जाणत्या गवंड्याला बोलावून भिंत दाखवा.