आधी गाडी, मग चित्र

फिरत्या प्रदर्शनासाठी प्रोजेक्टर हवा म्हणून माझ्याकडं जे येतात, ते सगळ्यात आधी ल्यूमेन, म्हणजे उजेड किती, ते विचारतात. मी विचारतो, गाडी कोणती आहे आणि मागचं दार किती रुंद उघडतं? परभणी जिल्ह्यातल्या मानवतला बसून शाळा आणि संग्रहालयांसाठी ही कामं करताना माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडं या धंद्याचा आराखडा केव्हाच तयार झाला होता. तो जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टॉकीजवाल्यांनी केला, आणि त्यात चित्राचा विचार शेवटी येतो.

त्यांच्याही आधी चित्रं फिरत होतीच. पिंगुळी गावचा चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढं धरून कथा लावायचा. खेळ संपला की पोथी बगलेत मारून पुढच्या गावाला. वजन आलं ते काचेबरोबर. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात मुलांच्या मदतीनं ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. हातानं रंगवलेल्या काचपट्ट्या, एकाहून जास्त दिवे, आणि पट्ट्या अशा खुबीनं बदलायच्या की पडद्यावरची पात्रं हलल्यासारखी वाटावीत. शेजारी निवेदन चालू. समोरचे लोक रमले तर निवेदकाला थांबता येई, कंटाळले तर आवरतं घेता येई. आज ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून माझ्याकडं जे मागितलं जातं, त्यातलं निम्मं त्या निवेदकाच्या घशात होतं, असं मला वाटतं. मात्र काचेच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडणं काय असतं, हे ज्यानं मानवत रोड स्टेशनावर उतरून गावापर्यंत सामान आणलंय त्याला विचारावं. स्टेशन एकीकडं, गाव दुसरीकडं.

मग सिनेमा आला आणि त्याच्यासोबत आगीची भीती आली. पॅरिसमध्ये 4 मे 1897 रोजी एका धर्मादाय बाजाराच्या लाकडी मंडपात सिनेमाच्या यंत्राचा ईथरचा दिवा भडकला आणि 126 माणसं गेली. पुढची कित्येक वर्षं फिल्मही नायट्रेटची होती, ठिणगीला टपलेली. आपल्याकडं 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. तो लोकांना सेन्सॉरमुळं आठवतो, पण खेळाच्या जागेचा परवाना आणि प्रेक्षकांची सुरक्षितता हाही त्याचा विषय होता. तंबूवाल्याला यंत्र प्रेक्षकांपासून वेगळं ठेवणं भाग होतं. हे बंधन त्याच्या पथ्यावर पडलं, कारण यंत्र वेगळं ठेवायला त्याच्याकडं जागा होतीच, ती म्हणजे लॉरी.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच. प्रोजेक्टर लॉरीच्या हौद्यात कायमचा बोल्टनं आवळलेला. गावात आलं की लॉरी तंबूच्या एका टोकाला उलटी लावायची, मागची खिडकी उघडायची आणि समोरच्या टोकाला पडदा बांधायचा. यंत्र खाली उतरवणं नाही, पुन्हा जुळवणं नाही. अंतराचा हिशेबही ठरलेला. 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची रुंदी साधारण 21 मिलिमीटर. भिंग 100 मिलिमीटरचं असेल तर 100 फुटांवर चित्र 21 फूट रुंद पडतं. तंबूची लांबी ठरली की पडद्याचं कापड किती आणायचं तेही ठरलं.

जनरेटर मात्र लांब. इंजिनाची थरथर यंत्रापर्यंत पोचली की पडद्यावरची नटी उभ्या उभ्या थरथरते. शिवाय आवाज. वीज लागायची ती मुख्यतः कार्बनच्या दिव्याला: दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत. कांड्या जळून आखूड होत जायच्या, म्हणून ऑपरेटर त्या सरकवत बसलेला. त्याचं लक्ष बिडीकडं गेलं की चित्र पिवळं पडायचं आणि तंबूतून शिट्ट्या. रीळ 2,000 फुटांचं, म्हणजे जेमतेम 22 मिनिटांचं. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म चार किलोमीटरच्या वर भरते. यंत्र एकच असलं तर दर रिळाला खेळ थांबणार. त्या अंधाऱ्या मिनिटांत चहा, शेंगदाणे आणि पोरांची रडारड.

या रिळांच्या पेट्या कुठून यायच्या, त्यातही आमचा इतिहास आहे. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, त्यातला आमचा मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. चित्रपट वितरणाच्या नकाशावर मात्र परभणी ‘निझाम’ सर्किटमध्येच राहिली. राज्यकर्ते बदलले, वितरकांनी वही बदलली नाही.

फिल्मच्या प्रिंटा निघायच्या बंद झाल्या आणि या लॉऱ्या उभ्या राहिल्या. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या 2016 च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या या टॉकीजचे शेवटचे दिवस आहेत. त्यातला यंत्रदुरुस्ती करणारा कारागीर पाहताना मी गोष्ट विसरून त्याच्या हातांकडंच बघत राहिलो.

दरम्यान दुसरी एक गाडी रस्त्याला लागली होती. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयानं 1965 मध्ये फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं. पुढं मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्याही बसगाड्या फिरू लागल्या. त्यांत हात लावून, दांडा फिरवून, बटण दाबून बघायच्या वस्तू असतात. माझं काम या बसच्या आणि त्या लॉरीच्या मधलं आहे. पोरानं हात हलवला की भिंतीवरचा ग्रह फिरला पाहिजे. तो हात ओळखायला समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा कॅमेरा लागतो. 2010 मध्ये कायनेक्ट हा तसला कॅमेरा आल्यापासून असे कॅमेरे स्वस्त झाले, पण ते अवरक्त प्रकाशावर चालतात आणि आमच्या उन्हात तो प्रकाश इतका असतो की कॅमेरा आंधळाच होतो. म्हणून पुन्हा काळ्या कापडाचा तंबू. सरकीपासून कापूस वेगळा होण्याच्या दिवसांत मानवतला जिनिंगजवळ यंत्र लावलं तर हवेतले तंतू प्रोजेक्टरच्या जाळीवर गोधडीसारखे बसतात आणि यंत्र तापून आपोआप बंद होतं. त्यामुळं माझ्या पेटीत हवा आत घेणारं तोंड वर आहे आणि त्यावरची जाळी पोराटोरालाही काढून झटकता येते.

पेटी मी गाडीतच आवळतो, लॉरीवाल्यांसारखी. पैसे जास्त ल्यूमेनवर न घालता पडद्याच्या पायांवर घालतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल होतो, दोन्ही वेळा खुंटी धरत नाही. पायांना रिकामे प्लॅस्टिकचे ड्रम बांधतो. येताना वजन नाही, गावात पोचल्यावर पाणी भरायचं. एप्रिल-मे महिन्यांत मात्र असं पाणी मागायची लाज वाटते. तेव्हा ड्रममध्ये त्याच गावची माती भरतो आणि निघताना तिथंच ओतून येतो.