चुन्याच्या थराआड



तिसवाडीतील तळावली गावचे सांत आनाचे चर्च १६९५ साली पूर्ण झाले. त्याच्या पाच मजली दर्शनी भागाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. २००० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याचे नाव घातले. पण आज मला तुम्हाला दाराच्या आत न्यायचे आहे. वास्तू बाहेरून उभी दिसते, तेव्हाही ती आतून झिजत असू शकते.

या झिजेचे मूळ कारण पाणी. गोव्याच्या जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पितो. त्यावर चुन्याचा गिलावा असला की प्यालेले पाणी उन्हाळ्यात बाहेर पडते. म्हणूनच पूर्वी दरवर्षी चुन्याचा हात फिरवीत. गेल्या शतकात ‘पक्के काम’ म्हणून सिमेंट आले आणि ती वाट बुजली. पाणी आतच राहिले, क्षार वर आले, रंगाचे पापुद्रे सुटले. ओल लागलेल्या लाकडाला वाळवीने गाठले. तेव्हा जीर्णोद्धाराची पहिली पायरी म्हणजे सिमेंट खरवडून काढणे, आणि दुसरी, भिंत सुकेपर्यंत थांबणे. ही थांबण्याची पायरीच लोकांना जड जाते. फेस्त जवळ आलेले असते आणि सर्वांना नवा रंग हवा असतो.

वेदीमागची लाकडी कोरीव भिंत हे त्याहून नाजूक काम. लाकडावर खडू आणि सरस यांचा पांढरा लेप, त्यावर तांबूस मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख आणि शेवटी घोटाई, अशी ती घडलेली असते. वर्ख मळला की कोणी भाविक सोनेरी तैलरंग लावून देतो. हेतू चांगला, पण खरे सोने झाकले जाते. जाणकार कारागीर आधी बोटभर जागा उघडून पाहतो, मग कापसाच्या बोळ्याने इंच इंच पुढे सरकतो. जिथे सोने उरलेलेच नाही, तिथे ते होते असे भासवावे का, हा प्रश्न हाताचा नसून सचोटीचा आहे.

जुन्या चर्चच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याची पातळ तावदाने असत. २००१ पासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला. आता फुटके तावदान फेकणाऱ्याला बदली शिंपला सहज मिळत नाही.

तुम्ही विचाराल, आपण मराठी माणसांनी याची चिंता का करावी? सोळाव्या शतकात इथली देवळे पाडली गेली, हे विसरायचे कारण नाही. पण त्याच शतकात हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, असे हुकूमही निघाले. हात आपले नसते, तर मनाई कोणाला केली असती? शिवाय फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीतच आहे.

आणि आपल्या देवळांकडे पाहा. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मंदिर शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६६८ साली पुन्हा उभे राहिले. तिथेही जांभा आणि चुनाच. कोकण-गोव्यातील कित्येक देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या कावीची चित्रे होती. काही तैलरंगाखाली गेली, काही चकचकीत फरश्यांखाली. ती कोणा परक्याने झाकलेली नाहीत; आपणच, भक्तीने, वर्गणी काढून झाकली.

म्हणून एवढेच सांगणे आहे. तुमच्या गावच्या देवळाच्या वा चर्चच्या दुरुस्तीची सभा भरेल, तेव्हा अवश्य जा. रंग कोणता, हे ठरण्याआधी त्याखाली काय आहे, ते विचारा.