दोन राउटर, एकच पत्ता

एक राउटर बंद पडला की त्याच्यामागचं सगळं नेटवर्क ठप्प व्हायचं. 1998 साली त्यावर व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल आला. मुख्य राउटर दर सेकंदाला आपण चालू असल्याची खबर देतो. तीन-चार सेकंद ती आली नाही, तर राखीव राउटर त्याचाच पत्ता घेऊन काम हाती घेतो.

सिस्को कंपनीने व्हीआरआरपीवर पेटंटचा हक्क सांगितला, तेव्हा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी ‘कार्प’ हा स्वतःचा प्रोटोकॉल रचला. बाणेदार उत्तर!

2014 मध्ये ओपनस्टॅक या क्लाउड-प्रणालीच्या ‘जूनो’ आवृत्तीने व्हीआरआरपी क्लाउडमधल्या आभासी राउटरांत आणला. तिथे जुनं दुखणंही आलं: दोन्ही राउटर धडधाकट, पण खबर मधल्या वाटेवर अडते आणि दोघेही स्वतःला मुख्य समजतात. म्हणून जाणकार आधी ती वाटच तपासतात, खबरीची 224.0.0.18 या पत्त्यावरची पॅकेट्स पलीकडे पोचतात का, हे टीसीपीडम्पने पाहतात.