पाहण्याची किंमत

जिवंत पेशीच्या आत काय चालले आहे हे पाहावयाचे, तर पेशी जिवंत ठेवूनच पाहावे लागते. विधान बाळबोध वाटेल. परंतु सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातील बराच काळ पेशी मारून, थिजवून आणि मग रंगवून पाहण्यात गेला. जीवन म्हणून आपण जे न्याहाळत होतो, ते पुष्कळदा कलेवर होते. म्हणूनच चमकणाऱ्या धातुसंयुगांची कथा आम्हांला मोलाची वाटते.

कार्ल क्लाउस यांनी १८४४ साली रशियातील कझान येथे रुथेनियम हा धातू शोधला. पुढे १९५९ मध्ये जे. पी. पॅरिस आणि डब्ल्यू. डब्ल्यू. ब्रांट यांनी त्याच्या बायपिरिडीनयुक्त संयुगाच्या दीप्तीची नोंद केली. पेशीची स्वाभाविक चमक काही नॅनोसेकंदांत विझते. या संयुगाची शेकडो नॅनोसेकंद रेंगाळते. पहिली ओसरेपर्यंत थांबून पाहिले, तर उरतो तो केवळ या पाहुण्याचा उजेड.

खरे वळण १९९० मध्ये आले. जॅकलिन बार्टन, ज्याँ-पिएर सोवाज आणि सहकाऱ्यांनी रुथेनियमचे असे संयुग वर्णिले, जे पाण्यात जवळजवळ अंधारे राहते. त्याचा सपाट भाग डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरला, की त्याला पाण्यापासून आडोसा मिळतो आणि ते उजळते. पाण्यात विझणे हा एरवी दोषच. येथे तो दोषच खूण ठरला. २००९ मध्ये शेफील्ड येथील संशोधकांनी दोन रुथेनियम अणू असलेले संयुग जिवंत मानवी पेशींच्या केंद्रकात पोहोचवून तेथील डीएनए प्रत्यक्ष पाहिला.

मात्र येथेच एक पेच आहे. उजळलेले रुथेनियम आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊ शकते, आणि असा चेतवलेला ऑक्सिजन पेशीला इजा करतो. याच गुणावर आधारलेले टीएलडी-१४३३ हे रुथेनियमचे संयुग मूत्राशयाच्या कर्करोगावरील मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले. एका प्रयोगशाळेत ज्याची धास्ती, तेच दुसरीत औषध.

तेव्हा केवळ पाहणारी, काहीही न बदलणारी नजर असते काय? या इतिहासाचे उत्तर नकाराकडे झुकते. पेशी मारून पाहण्यापासून आपण फार दूर आलो, हे खरे. परंतु किती प्रकाश टाकावा आणि किती वेळ, हा हिशेब अजून सुटलेला नाही. जो पाहतो, त्यालाच तो मांडावा लागतो.