मुक्त सॉफ्टवेअर परवाने

संगणकाची आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिची रचना अभ्यासणे, तीत फेरबदल करणे आणि मूळ वा बदललेल्या स्वरूपात तिच्या प्रती इतरांस देणे, या चार गोष्टींची मुभा ज्या परवान्याने वापरणाऱ्यास मिळते, त्यास मुक्त सॉफ्टवेअर परवाना म्हणतात. यातील ‘मुक्त’ या शब्दाचा किंमतीशी संबंध नाही. अशी आज्ञावली विकताही येते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने स्वतंत्र व फुकट असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. त्यामुळे तेथे जो घोटाळा झाला व ज्यातून पुढे एक पंथभेदही निर्माण झाला, तो मराठीत होण्याचे कारण नाही.

आज्ञावली मनुष्यास वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. या मजकुरास सोर्स कोड म्हणतात. यंत्र प्रत्यक्षात चालविते ते त्याचे यंत्रभाषेतील रूपांतर होय. केवळ रूपांतर हाती असल्यास आज्ञावली चालविता येते, परंतु तीतील दोष शोधून दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच सोर्स कोड कोणी, कोणास व केव्हा द्यावयाचा, हा या परवान्यांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

पार्श्वभूमी : संगणकाच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्‌भवलाच नव्हता. आज्ञावली यंत्राबरोबर विनामूल्य मिळत असे आणि तीत ग्राहकांनी केलेल्या सुधारणा परस्परांत वाटल्या जात. आयबीएमच्या ग्राहकांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली ‘शेअर’ ही संघटना याच देवघेवीसाठी होती. जून १९६९ मध्ये आयबीएमने यंत्राची व आज्ञावलीची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू बनली. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८० मध्ये स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) कायद्यात दुरुस्ती करून आज्ञावलीस त्याचे संरक्षण स्पष्टपणे लागू केले. त्यानंतर सोर्स कोड गुप्त राखणे आणि फक्त यंत्रभाषेतील प्रत विकणे, हा धंद्याचा सर्वमान्य प्रघात झाला.

या बदलाची झळ मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस विशेष जाणवली. तेथील आज्ञावलीकार रिचर्ड स्टॉलमन (१६ मार्च १९५३– ) यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेच्या जुन्या मुद्रणयंत्रात कागद अडकला की तसा संदेश वापरणाऱ्यांना मिळावा, अशी सोय त्यांनी त्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती. झेरॉक्स कंपनीकडून भेट मिळालेल्या नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र उपलब्ध नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे होता. परंतु गुप्ततेचे वचन दिलेले असल्यामुळे त्याने तो देण्यास नकार दिला. गोष्ट क्षुल्लक होती. तथापि, एका व्यक्तीने कंपनीस दिलेल्या शब्दामुळे इतर सर्वांची अडवणूक होते, हे तिच्यातून स्टॉलमन यांच्या मनावर ठसले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी युनिक्सशी जुळणारी, परंतु संपूर्णतः मुक्त अशी ‘ग्नू’ ही परिचालन प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये संस्थेतील नोकरी सोडली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली.

सार्वजनिक परवान्याची उत्पत्ती : केवळ सद्‌भावनेवर विसंबून वाटलेला सोर्स कोड सुरक्षित राहत नाही, याचा अनुभव स्टॉलमन यांना लवकरच आला. ग्नू ईमॅक्स हा मजकूर-संपादक लिहिताना त्यांनी जेम्स गॉसलिंग यांच्या तशाच संपादकातील काही भाग वापरला होता. गॉसलिंग यांनी आपली आज्ञावली आरंभी मोकळेपणाने वाटली होती. पुढे तिचे हक्क युनिप्रेस या कंपनीस विकले गेले आणि त्या कंपनीने स्टॉलमन यांस तो भाग वापरण्यास मनाई केली. परिणामी १९८५ मध्ये त्यांना तो भाग पुन्हा लिहावा लागला. आज मोकळी असलेली वस्तू उद्या कुंपणात जाऊ नये, यासाठी त्यांनी जी तजवीज केली तीच ईमॅक्सचा परवाना होय. त्याचे सर्व आज्ञावलींना लागू पडणारे रूप म्हणजे फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती.

या परवान्याची युक्ती अशी की, तो स्वामित्वहक्काचा त्याग करीत नाही, तर त्याच हक्काच्या बळावर अट घालतो. प्रत वाटणाऱ्याने ती घेणाऱ्यास सोर्स कोड दिला पाहिजे अथवा मागणीनुसार देण्याची हमी दिली पाहिजे आणि स्वतः केलेले फेरबदलही याच परवान्याखाली खुले केले पाहिजेत. अट मोडल्यास परवाना संपुष्टात येतो आणि वाटणारा स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल दोषी ठरतो. ज्या कायद्याने कुंपण घातले गेले त्याच कायद्याने ते घालण्यास येथे मज्जाव केला आहे. इंग्रजीतील ‘राइट’ या शब्दाच्या जागी ‘लेफ्ट’ घालून या युक्तीस गमतीने ‘कॉपीलेफ्ट’ हे नाव देण्यात आले व तेच रूढ झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. अट जागी होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती देताना. स्वतःच्या घरात वा कचेरीत कोणी कितीही फेरबदल केले, तरी ते उघड करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पुढील बहुतेक तंटे या उंबरठ्यावरच झालेले दिसतात.

पहिली चकमक नेक्स्ट या कंपनीशी झाली. ग्नूच्या जीसीसी या कंपायलरला तिने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी जोडभाग तयार केला. तो फक्त यंत्रभाषेत द्यावा व जोडणी वापरणाऱ्याने आपली आपण करावी, असा तिचा बेत होता. ही पळवाट चालणार नाही, असा सल्ला फाउंडेशनच्या वकिलाने दिला आणि अखेरीस कंपनीने सोर्स कोड खुला केला. जून १९९१ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत एका नव्या कलमाची भर पडली. एकस्वामुळे (पेटंटमुळे) अथवा न्यायालयाच्या आदेशामुळे घेणाऱ्यास पूर्ण स्वातंत्र्य देता येत नसेल, तर आज्ञावली मुळीच वाटू नये, असे ते कलम सांगते. हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिलेल्या लिनक्स या कर्नलचा पहिला परवाना व्यापारी वाटपास मनाई करणारा होता. १९९२ च्या आरंभी त्याने तो बदलून ग्नू परवान्याची दुसरी आवृत्ती स्वीकारली. पैसे घेऊन वाटण्याची ही मोकळीक मिळाली नसती, तर पुढे उभा राहिलेला लिनक्सचा व्यापार संभवलाच नसता.

दुसरी परंपरा : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परवान्याची वृत्ती वेगळी होती. मूळ लेखकाचा उल्लेख ठेवा आणि मग आज्ञावलीचे काय वाटेल ते करा, अगदी ती गुप्तही करा, एवढेच त्याचे म्हणणे. उल्लेखाची ही अट दिसते तितकी निरुपद्रवी नव्हती. विद्यापीठाचे नाव प्रत्येक जाहिरातीत घालावे असे एक कलम त्यात होते आणि इतरांनी त्याची नक्कल करून आपापली नावे घातली. १९९७ मधील नेटबीएसडी प्रणालीत असे ७५ उल्लेख स्टॉलमन यांनी मोजले. विद्यापीठाने १९९९ मध्ये ते कलम वगळले. या दोन परंपरांतील मतभेद मूलभूत आहे. बर्कलीच्या अनुयायांच्या मते आज्ञावली घेणाऱ्यावर जितकी कमी बंधने, तितके स्वातंत्र्य अधिक. तर ग्नूपंथीयांच्या मते साखळीतील अखेरच्या माणसाच्या हाती ती मुक्त स्वरूपात पोहोचते किंवा नाही, हीच खरी कसोटी. दोघेही ‘स्वातंत्र्य’ हाच शब्द वापरतात, त्यामुळे वाद मिटण्याऐवजी वाढतो.

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाचा सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केले. त्यानंतर काही कार्यकर्त्यांना उद्योगजगतास न बिचकविणाऱ्या नावाची गरज भासू लागली. क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविलेला ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्त-स्रोत, हा शब्द स्वीकारण्यात आला आणि एरिक रेमंड व ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन केली. तिची व्याख्या डेबियन या लिनक्स-वितरणाच्या १९९७ मधील मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेली आहे. दोन्ही पंथांनी मान्य केलेले परवाने बव्हंशी तेच आहेत. भेद आहे तो कारणमीमांसेत. एक पंथ सोर्स कोडच्या खुलेपणाकडे उत्तम निर्मितीची पद्धती म्हणून पाहतो, तर दुसरा तो वापरणाऱ्याचा हक्क मानतो.

हक्काची कसोटी न्यायालयात लागण्यास पंधरा वर्षे जावी लागली. मे २००४ मध्ये म्यूनिक येथील जिल्हा न्यायालयाने हाराल्ड वेल्टे यांच्या बाजूने निर्णय देऊन ग्नू परवान्याच्या अटी जर्मनीत बंधनकारक असल्याचे मान्य केले. प्रतिवादी कंपनीने लिनक्सचा भाग असलेली जाळेसाधने सोर्स कोडविना विकली होती. त्याआधी २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीस तिच्या एका राउटरचा सोर्स कोड अशाच तगाद्यामुळे प्रसिद्ध करावा लागला होता. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही स्वतंत्र प्रणाली जन्मली आणि उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेली यंत्रेही अनेकांना पुढे वापरता आली. परवान्याचे फळ सामान्य ग्राहकाच्या पदरात पडल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल.

टंकांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उपस्थित झाली. सार्वजनिक परवान्याखालील टंक एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत केला, तर तो दस्तऐवजही त्याच परवान्याखाली येतो काय, ही शंका होती आणि तिच्यासाठी फाउंडेशनला अपवादाचे खास कलम सुचवावे लागले. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठी रेड हॅट कंपनीने प्रसारित केलेले ‘लोहित’ टंक मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून आलेले असून ते आरंभी ग्नू परवान्याखाली होते. सप्टेंबर २०११ मध्ये ते टंकांसाठी खास रचलेल्या मुक्त टंक परवान्याखाली आणण्यात आले.

तिसरी आवृत्ती व तीवरील वाद : टिव्हो या दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्राने परवान्यातील एक उणीव उघडी केली. त्याचे उत्पादक लिनक्सचा सोर्स कोड नियमानुसार देत. परंतु कंपनीची अंकीय स्वाक्षरी नसलेली आज्ञावली ते यंत्र चालवीतच नसे. फेरबदल करण्याचा हक्क कागदावर राहिला, वापरण्याचा नाहीसा झाला. परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये चर्चेसाठी मांडण्यात आला. विधिज्ञ एबेन मोग्लेन यांच्या साहाय्याने दीड वर्षात चार मसुदे तयार झाले आणि विविध देशांत परिषदा भरल्या; त्यांपैकी चौथी आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट २००६ मध्ये बंगलोर येथे झाली. घरगुती उपकरणांबरोबर फेरबदल केलेली आज्ञावली बसविण्यास लागणारी माहितीही दिली पाहिजे, असे नवे कलम सांगत होते. नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट व नोव्हेल यांच्यात झालेल्या करारानुसार एकस्वांच्या दाव्यांपासून संरक्षण केवळ नोव्हेलच्या ग्राहकांनाच मिळत होते. तशा निवडक संरक्षणास प्रतिबंध करणारे कलमही मसुद्यात आले.

यास सर्वांत ठाम विरोध लिनक्सच्या प्रमुख विकासकांकडून झाला. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, परवान्याने आज्ञावलीपुरते बोलावे, यंत्राच्या रचनेत लक्ष घालू नये, अशी भूमिका होती. टोरव्हाल्ड्स यांच्या मते सोर्स कोडची परतफेड सोर्स कोडने झाली की व्यवहार पुरा होतो. स्टॉलमन यांच्या मते यंत्राच्या धन्याला यंत्रावर ताबा मिळेपर्यंत तो अपुराच राहतो. २९ जून २००७ रोजी तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. हजारो लेखकांचा स्वामित्वहक्क त्यात विखुरलेला असल्यामुळे मत बदलले तरी परवाना बदलणे व्यवहारतः अशक्यच होते. काही मोठ्या कंपन्यांनी नवी आवृत्ती टाळली. तिच्यामुळे ग्नूची पकड सैल झाली, हा टीकाकारांचा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि टिव्होने दाखविलेली उणीव खरी होती आणि कुलूपबंद उपकरणांच्या प्रसाराबरोबर ती वाढतच गेली.

सेवारूप आज्ञावली : आज्ञावली दूरच्या संगणकावर चालू लागली, तेव्हा प्रत हाती देण्याचा प्रसंगच उरला नाही आणि परवान्याची अट जागी होईना. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २००७ मध्ये ग्नू अफेरो परवाना निघाला. फेरबदल केलेल्या आज्ञावलीशी जाळ्यावरून संपर्क साधणाऱ्यासही सोर्स कोड मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. तथापि मोठ्या मेघसेवा-कंपन्या फेरबदल न करताच मुक्त आज्ञावली भाड्याने देऊ शकत आणि मूळ निर्मात्या कंपन्यांच्या हाती त्यातील थोडेच लागे. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये सेवा चालविण्याच्या संपूर्ण यंत्रणेचा सोर्स कोड मागणारा नवा परवाना काढला. इलॅस्टिकने २०२१ मध्ये त्याचाच पर्याय देऊ केला. हा परवाना मुक्त-स्रोत नाही, असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांस मनाई करणारा परवाना लावला, तेव्हा बाहेरच्या लेखकांनी जुन्या मुक्त प्रतीवरून ओपनटोफू ही वेगळी शाखा काढली. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला आणि काही दिवसांतच व्हॅल्की ही शाखा निघाली. येथे एक विपर्यास दिसतो. कुंपण घालणारे आता बाहेरचे नव्हते, आज्ञावलीचे मूळ धनीच होते. लेखकांकडून सर्व हक्क आपल्या नावे लिहून घेतलेल्या कंपनीस असे करता येते, हे ध्यानात आल्यावर अशा लेखी हक्कदानाबद्दल सावधगिरी वाढली. इलॅस्टिकने २०२४ मध्ये व रेडिसने मे २०२५ मध्ये अफेरो परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध करून दिला.

परवान्याची अंमलबजावणी कोणी मागावी, याबाबतही विचार बदलत गेला. प्रथम हा अधिकार फक्त स्वामित्वहक्कधारकाचा मानला जाई. ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सी या संस्थेने कॅलिफोर्नियात व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला. त्यात ती लेखक म्हणून नव्हे, तर संच विकत घेणारी ग्राहक म्हणून उभी राहिली. परवाना हा करारही असून त्याचा लाभ ज्याच्यासाठी ठेवला आहे, त्या ग्राहकास सोर्स कोड मागता आला पाहिजे, असे तिचे प्रतिपादन होते.